हव्वाबी आणि थॉर्नवेलचा तांडेल

हव्वाबी धावत आली म्हणजे काहीतरी घडलंय, एवढं दुबईच्या देरा भागातल्या त्या गल्लीला ठाऊक होतं. ती साधं चालायचीच नाही. पाणीवाल्याची हाळी ऐकली तरी धावायची, शेजारच्या शहरबानूकडे पाहुणे आले तरी धावायची. पण पासष्ट सालच्या त्या जानेवारीत ती आली ती एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात कामावरच्या मॅडमच्या बाथरूममधली रबरी सपात घालून. त्या अवतारात ती जुमेराहून निघाली होती, अब्रा नावाच्या होडीत बसून दुबईची खाडी ओलांडून आली होती, भर मासळीबाजारातून चालत आली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"अगो, पायाकडे बघ," शहरबानू म्हणाली.

"पाय जाऊ दे खड्ड्यात! साजिदाचे अब्बा आले काय?"

साजिदाचे अब्बा म्हणजे मोहिद्दीन, हव्वाबीचा नवरा. दुबईला तेव्हा मोठी जहाजं खाडीत शिरत नसत, लांब समुद्रात उभी राहत. त्यांच्यावरचा माल उतरवून आणणाऱ्या पडावांवर तो काम करायचा. माणूस जैतापूरचा, बोलायला कमी. त्याच्या वाटणीचंही हव्वाबीच बोलायची. ती वेलदूरची, दाभोळच्या खाडीवरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा हातात शिवणकाम होतं. त्या हातावर तिनं जुमेरातल्या इंग्रज बायकांचे फ्रॉक शिवले, आणि फ्रॉक शिवता शिवता जिलियन मॅडमच्या घरातलीच होऊन गेली. जिलियनचा नवरा बंदराच्या कामावर इंजिनियर होता. तिला पहिला मुलगा झाला, टॉम, आणि त्याला सांभाळायला तिनं हव्वाबीलाच बोलावलं. जिलियनचं हिंदी मोडकं, हव्वाबीचं इंग्रजी त्याहून मोडकं. पण दोघींना बोलल्याशिवाय चैन पडायची नाही, त्यामुळे अडत काही नव्हतं.

मोहिद्दीन घरात भाकरी खात होता. हव्वाबी दारातूनच ओरडली, "अहो, मॅडम आपल्यातली हाय!"

मोहिद्दीननं घास गिळला. "कसली आपल्यातली?"

"आपल्यातली! कोकणी! वेलदूरची!"

"उन्हातून आलीस. आधी पाणी पी."

तिनं पाणी प्यायलं, धाप टाकली आणि मग सांगितलं.

झालं होतं असं. टॉमला दात येत होते. सकाळपासून पोर किरकिर करत होतं. हव्वाबीनं खांद्यावर घेतलं, पाळण्यात घातलं, खुळखुळा वाजवला, पण रडं थांबेना. शेवटी जिलियननं त्याला मांडीवर उताणं घेतलं, दोन्ही हात धरले आणि होडी डुलावी तसं पुढे-मागे डुलवत म्हणायला लागली:

"होरी डॉली, डोल गो डोल,
बोवा गेली डेरी आ कोल,
आय बॉस्ली डक आ वरी,
बोवा येल टिंडल गरी."

आणि 'डक' म्हणताना तिनं कोपर हलवून बदकासारखे पंख फडफडवले. पोर खुदकन हसलं.

हव्वाबी बाथरूममध्ये टॉमचे लंगोट धूत होती. पहिली ओळ कानावर पडली तेव्हा तिला वाटलं, आपणच मनातल्या मनात म्हणतोय. दुसरी ओळ आली आणि हातातला साबण सुटला. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

"मॅडम, ये गाना किधर से सीखा?"

"हे? हे आमच्या घरातलं नॉन्सेन्स आहे," जिलियन हसत म्हणाली. "माझ्या डॅडनं मला म्हटलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी. मीनिंग काही नाही. बदकांचं गाणं आहे. आमच्या गावाबाहेर कुणालाच माहीत नाही."

"बदक नहीं मॅडम!" हव्वाबी जवळजवळ किंचाळली. "धक्का! धक्का! जहाज का धक्का!"

आणि तिनं टॉमला जिलियनच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, तिच्या आईनं तिला डुलवलं होतं तसं डुलवलं, आणि म्हटलं:

"होडी डोले, डोल गो डोल,
बावा गेला दर्यात खोल,
आय बसली धक्क्यावरी,
बावा येईल तांडेल घरी."

जिलियनचे पंख हवेतच राहिले. तिनं हव्वाबीचं मनगट धरलं. मग म्हणाली, "अगेन. हव्वा, से इट अगेन."

हव्वाबीनं पुन्हा म्हटलं. एकेक ओळ सोडवून सांगितली. होडी डोलतेय, बाप दर्यावर गेलाय, आई धक्क्यावर वाट बघत बसलीय, बाप तांडेल होऊन घरी येईल. जिलियनच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. "टिंडल," ती हळूच म्हणाली. "हव्वा, लग्नाआधीचं माझं नाव टिंडल आहे. आम्हाला वाटायचं, आमच्याच कुणीतरी गाणं रचलं आणि शेवटी आपलं नाव घातलं."

ते ऐकून हव्वाबी ती सपात घालून जी निघाली ती थेट घरी.

मोहिद्दीननं भाकरी बाजूला सारली. त्यानं ऐन जवानीत इंग्रजांच्या आगबोटींवर खलाशाचं काम केलं होतं.

"तांडेल म्हणजे खलाशांवरचा मुकादम," तो म्हणाला. "इंग्रजाला तांडेल म्हणता येत नाही. ते टिंडल म्हणतात. आमच्या बोटीवरचा साहेब रोज ओरडायचा, टिंडल, टिंडल." मग जरा थांबून म्हणाला, "पण हे गाणं आमच्या जैतापूरला नाही. मी कधी ऐकलं नाही. हे तुमच्या खाडीवरचंच."

"तेच तर म्हणते!" हव्वाबी म्हणाली.

दहा वर्षांची साजिदा कोपऱ्यात गणितं सोडवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अम्मी, इट्स जस्ट अ कोइन्सिडन्स."

"तुझ्या इंग्रजीला आग लाव," हव्वाबी म्हणाली आणि गल्लीत सांगायला बाहेर पडली.

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आठ दिवसांत दुबईतल्या यच्चयावत कोकणी घरांत बातमी पोचली. जुमेराची गोरी मॅडम आपल्या कुणा तांडेलाची वंशज आहे म्हणे. पुरुष हसले. बायकांनी हव्वाबीला दहा वेळा ती कथा सांगायला लावली आणि दहाही वेळा तिनं ती तितक्याच जोशात सांगितली.

जिलियनलाही झोप लागेना. तिच्या नवऱ्यानं हसण्यावारी नेलं, पण ती इरेला पेटली. गाव तिचं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. थॉर्नवेल नावाचं. दगडी घरांचं, जुनं. तिच्या वडिलांची आत्या, मिस मॉड टिंडल, अजून तिथंच राहत होती. ऐंशीच्या घरातली, बिनलग्नाची, कडक. घराण्याबद्दल काही विचारायचं तर तिलाच. आणि घराण्यात एवढंच ठाऊक होतं की मूळ पुरुष दीडशे वर्षांपूर्वी एका फुटलेल्या जहाजावरून किनाऱ्याला लागला आणि गावातल्या एका विधवेशी लग्न करून राहिला. वर्ण सावळा होता. "पोर्तुगीज होता," असं मॉड आत्या सांगायची, आणि तिथं विषय संपायचा.

सहासष्टच्या उन्हाळ्यात जिलियन सुट्टीवर घरी निघाली तेव्हा तिनं हव्वाबीला विचारलं, "टॉमला सांभाळायला म्हणून चल. पण खरं काम दुसरंच आहे. यू नो."

हव्वाबीला काय, ती एका पायावर तयार होती. मोहिद्दीननं रात्रभर विचार केला, सकाळी म्हणाला, "जा. पण थंडीचं काहीतरी अंगात घाल." साजिदाला शहरबानूकडे ठेवलं. विमानात बसल्यावर हव्वाबीनं डोळे गच्च मिटले आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या दुवा म्हटल्या, आणि विमान वर गेल्यावर डोळे उघडले ते लंडन येईपर्यंत मिटलेच नाहीत.

थॉर्नवेल तिला पहिल्या नजरेतच आवडलं, आणि त्याचं कारण तिला लगेच उमगलं. वास. ओहोटीचा चिखल, सुकत टाकलेली जाळी, डांबर. वर आभाळ करडं, जुलै महिन्यात अंगावर स्वेटर, पण नाक म्हणत होतं वेलदूर. बोळातून चालताना लोक पडदे सरकवून बघत होते. साडीवर स्वेटर घातलेली बाई त्या गावानं कधी पाहिली नव्हती. हव्वाबी सगळ्यांना हात हलवून "गुड मॉर्निंग" म्हणत होती, दुपार झाली होती तरी.

मॉड आत्यानं चहा दिला, केक दिला, सगळं ऐकून घेतलं आणि कप बशीत ठेवला.

"ही वॉज पोर्तुगीज," ती म्हणाली.

"पण आत्या, गाणं—"

"गाणं बदकांचं आहे. आपल्या जुन्या घराचं नावच डॅबल हाऊस आहे. डॅबल म्हणजे बदकं पाण्यात चोच घालून चिवडतात ते. दारावर बदक रंगवलेलं आहे. माझ्या वडिलांनीच रंगवून घेतलं."

हव्वाबीला बाकीचं काही कळलं नव्हतं. तिला एकच शब्द कळला होता. ती खुर्चीवरून उठली. "मॅडम, घर का नाम क्या बोला?"

"डॅबल."

"दाभोळ," हव्वाबी म्हणाली. "मॅडम, दाभोळ. मेरे गाव के सामने. बीच में खाडी, इधर वेलदूर, उधर दाभोळ!"

ती दाराकडे निघालीसुद्धा. जिलियन टॉमला काखेत मारून तिच्यामागे. आणि मागून, काठी आपटत, "मूर्खपणा आहे सगळा," असं म्हणत मॉड आत्या.

घर बोळाच्या टोकाला होतं, तोंड समुद्राकडे. तिथं आता एक म्हातारा कोळी राहायचा. दाराच्या वरच्या दगडावर पिवळं बदक आणि खाली 'डॅबल' अशी रंगवलेली अक्षरं. चुन्याचे थरावर थर बसलेले. हव्वाबीनं खालून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. एका जागी चुना फुगून सुटला होता.

"चाकू," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मॉड आत्याकडे बघितलं. आत्यानं खांदे उडवले. मग त्यानं मासे सोलायची सुरी आणून दिली आणि स्टूलही आणलं. हव्वाबी पदर खोचून स्टुलावर चढली. टोकानं हळूहळू खरवडायला लागली. बदकाची शेपूट गेली, पाय गेले. पांढऱ्या खपल्या तिच्या केसांवर, खांद्यांवर पडत होत्या. बोळात दहा-बारा माणसं जमली. चुन्याखाली दगड लागला, दगडात खोदलेल्या रेघा लागल्या.

हव्वाबीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती एकेक अक्षर मोकळं करत होती आणि खालून जिलियन वाचत होती.

"डी... ए... बी..." मग जिलियन ओरडलीच. "यू. दुसरा बी नाही, यू आहे हव्वा! यू, एल! डाबुल!"

"डाबुल नहीं, दाभोळ!" हव्वाबी स्टुलावरून ओरडली, आणि तिनं एवढी मोठी उडी मारली की म्हाताऱ्या कोळ्यानं तिला धरली म्हणून बरं. जिलियन हसत होती की रडत होती कळत नव्हतं. टॉम टाळ्या पिटत होता. जमलेल्या लोकांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, तरी तेही हसत होते.

मॉड आत्या पुढे झाली. तिनं काठी भिंतीला टेकवली, हातमोजा काढला आणि टाचा उंचावून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"आजोबा याला डॅबल म्हणत नसत," ती शेवटी म्हणाली. "मी लहान होते. ते काहीतरी वेगळंच म्हणत. आम्हाला वाटायचं, दात पडले म्हणून नीट बोलता येत नाही." मग ती हव्वाबीकडे वळली. "पुन्हा म्हणा ते नाव."

"दाभोळ."

"हो," म्हातारी म्हणाली. "अगदी असंच."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दोघींना चर्चच्या आवारात घेऊन गेली. समुद्राकडच्या कोपऱ्यात एक कललेला दगड होता. शेवाळाखाली टिंडल आणि दर्यावर्दी एवढंच वाचता येत होतं. हव्वाबी थबकली. हा माणूस मुसलमान मेला की ख्रिस्ती, कोण सांगणार? नाव काय होतं ते तरी कुठं ठाऊक? मग तिला वाटलं, दाभोळच्या धक्क्यावर कुणीतरी आई, कुणीतरी बाई याची वाट बघत बसली असणार. आपण आलोय तर आपणच तिच्या वतीनं बोलावं. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात पसरले आणि फातिहा म्हटली. मॉड आत्या शेजारी मान खाली घालून उभी होती. झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

हव्वाबीनं विचार करून, जमेल त्या इंग्रजीत सांगितलं, "आय सेड, युवर पीपल इज कमिंग."

हव्वाबी दुबईला परतली तेव्हा विमानतळावर नुसता मोहिद्दीन आला असेल असं तिला वाटलं होतं. पण दोन टॅक्स्या भरून माणसं आली होती. आणि लगेच वाद सुरू झाला. देरात तांडेल आडनावाची तीन घरं. तिघांनाही अचानक आपला एक पूर्वज दर्यात हरवल्याचं आठवलं.

"आमच्या खापरपणजोबाचा भाऊ," अहमद तांडेल म्हणाला. "त्याचा पत्ताच लागला नाही कधी. आजी सांगायची."

"तुमचं घर मूळचं हर्णैचं," शौकत तांडेल म्हणाला. "दाभोळचे आम्ही. हरवलेला आमचाच."

तिसरे खैरुद्दीनचाचा, सगळ्यांत वडील. ते वादात पडले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून हव्वाबीकडे मॅडमसाठी म्हणून रेशमी कापड आलं. ते बघून अहमदच्या बायकोनं अत्तर पाठवलं. शौकतच्या आईनं, हलिमाबींनी, स्वतःच्या हातची सांदणं पाठवली आणि निरोप दिला, "लेक आमची आहे, जेवायला आमच्याकडे येईल."

अखेर जेवण हव्वाबीच्याच घरी झालं, कारण तिघांपैकी कुणाकडे ठेवलं असतं तरी बाकी दोघं रुसले असते. जिलियन आली, टॉमला घेऊन, नवऱ्यालाही ओढत. चटईवर मांडी घालून बसताना तिचा गुडघा दोनदा वाजला. समोर तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सांदणं. तीन घरच्या बायका तिला तिन्ही बाजूंनी वाढत होत्या आणि प्रत्येकीला तिच्यात आपल्या घरचं काहीतरी दिसत होतं.

"नाक बघ, आमच्या अब्बांचं."

"कपाळ आमच्याकडचं."

"खाते बघ कशी! एवढं तिखट गोऱ्या बाईला सोसेल काय? रक्त बोलतंय."

जिलियनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती भाकरी मागत होती. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "हू इज द राइट फॅमिली?"

खैरुद्दीनचाचांनी दाढीवरून हात फिरवला. "साहेब, हरवलेला माणूस मिळाला की त्याला एकच घर कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "तीन आहेत तर तीन असू दे. खलास."

वाद तिथं मिटला, निदान बाहेरून. हलिमाबी पुढं मरेपर्यंत म्हणत राहिल्या की कपाळ आमचंच.

आणि मग सदुसष्टच्या डिसेंबरात जी गोष्ट घडली तिची हव्वाबीलाही कल्पना नव्हती. जिलियन सकाळीच गाडी घेऊन देरात आली. हॉर्न वाजवत, गल्लीत गाडी शिरेना म्हणून धावत. या खेपेला धावणारी ती होती.

"हव्वा! मॉड आत्या येतेय! लंडनहून निघालीसुद्धा. तिला दाभोळला जायचंय. ती म्हणते, डॉक्टर नको म्हणतोय, म्हणून लवकर जाऊ."

मॉड आत्या उतरली ती लोकरीचा कोट घालून आणि दोन दिवसांत हव्वाबीनं शिवलेल्या सुती झग्यात वावरायला लागली. तिनं खाडी बघितली, अब्रात बसली, तिन्ही तांडेलांच्या घरी चहा प्याली. मनातली लाज गेली होती का कौतुक आलं होतं, कोण जाणे, पण भेटेल त्याला ती ताठ मानेनं सांगायची, "माय ग्रेट-ग्रँडफादर वॉज फ्रॉम दाभोळ." पोर्तुगीज हा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही.

मुंबईची आगबोट बाहेर समुद्रात उभी होती. मुंबईहून पुढं किनाऱ्याकिनाऱ्यानं दाभोळ. मोहिद्दीननं त्या दिवशी मुकादमाला सांगून स्वतःच लाँच घेतली होती. हव्वाबी, जिलियन, मॉड आत्या आणि तिघींचे मिळून सामानाचे अकरा डाग, कारण प्रत्येक तांडेलानं गावच्या नातलगांसाठी काही ना काही पाठवलं होतं. धक्क्यावर गर्दी. हलिमाबी ओरडून सांगत होत्या, कुणाच्या घरी आधी जायचं. साजिदा आईला मिठी मारून म्हणाली, "अम्मी, ब्रिंग मी मॅंगोज." डिसेंबरात आंबे कुठले, हे सांगायला हव्वाबीला वेळ नव्हता.

लाँच खाडीच्या तोंडाबाहेर आली तशी लाट लागली. जिलियननं कठडा धरला. हव्वाबीनं मॉड आत्याचा दंड धरायला हात पुढं केला, तर म्हातारी पाय फाकवून, काठी बगलेत धरून, लाटेबरोबर सहज झुलत उभी होती.

मोहिद्दीननं सुकाणूवरून एकदा वळून बघितलं. तो माणूस बोलायला कमी, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"आजीबाई," तो म्हणाला, "पोटात ढवळत नाही काय?"

हव्वाबीनं इंग्रजीत सांगितलं. म्हातारीनं समोरच्या आगबोटीकडे बघत मान हलवली. "अजिबात नाही," ती म्हणाली. "त्या माणसाला सांगा, जरा जोरात चालवायला."

"यल्ला, चला तर," मोहिद्दीन म्हणाला आणि त्यानं इंजिन वाढवलं.